चिल्ड मांस आयात करताना मला लागलेली ठेच

मांस आयातीच्या कागदपत्रांचं काम नुकतंच हाती घेतलं असेल, तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा खातं), ॲनिमल क्वारंटाइन (प्राणिजन्य मालाची रोगतपासणी), बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं कागदपत्र) हे तुम्ही शिकूनच आला असाल. मला जिथे ठेच लागली तेवढंच सांगते.

माझी नोकरी गोव्यात, म्हापशात. माल न्हावा शेवा बंदरात उतरायचा आणि रीफर म्हणजे शीत ट्रकने पत्रादेवीच्या सीमेवरून इथल्या हॉटेलांत यायचा. नाताळच्या हंगामासाठी चिल्ड, म्हणजे न गोठवता थंड ठेवलेलं हॅम मागवलं होतं, टिकण्याची मुदत उत्पादनापासून १२० दिवसांची. २०१७ च्या आयात नियमांप्रमाणे आयातीच्या वेळी एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यांत जे कमी तेवढी मुदत शिल्लक लागते. १२० चे ६० टक्के ७२ दिवस, म्हणजे आपल्याला ७२ हवेत. इथवर माझं बरोबर होतं. पण मी शिल्लक मोजली ती जहाज सुटण्याच्या दिवशी. उत्पादनानंतर माल २० दिवस तिकडच्याच शीतगृहात पडून होता, पुढे समुद्रात ३५ दिवस गेले. इथे पोचला तेव्हा उरले ६५.

सात दिवसांनी हुकलं. तापमानाची नोंद चोख, क्वारंटाइनची परवानगी हातात, मांस उत्तम. तरी एफएसएसएआयची एनओसी (ना-हरकत) नाही. परत पाठवा नाहीतर नष्ट करा. आम्ही नष्ट केलं. ती खोकी जाताना पाहिली आणि घरी येऊन जेवले नाही.

म्हणून ऑर्डर देतानाच उत्पादनाची तारीख लेखी मागा. ‘माल ताजा आहे’ यावर विसंबू नका. तिथून इथे पोचेपर्यंतचे दिवस मोजा, वर बंदरातल्या गर्दीचे दहा धरा. बारा महिन्यांच्या फ्रोझन मालाला तीन महिने उरले तरी चालतं, तिथे निर्धास्त राहा. कमी मुदतीचं चिल्ड मांसच घात करतं.

छापलेली तारीख किंवा बॅच नंबर स्टिकर लावून सुधारता येत नाही. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, मांसाहारी चिन्ह राहिलं असेल तर ते स्टिकरने लावलेलं चालतं. सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना, मात्र माल जहाजावर चढण्याआधीच हवं.

‘मॅनेज करू’ म्हणणाऱ्या एजंटाला पहिल्या दिवशीच नाही म्हणा. मला खरं शिकवलं ते गोदामातल्या काकांनी: दार उघडलं की आधी खोक्यावरची तारीख वाच, मग फाइल उघड. केबिनमधून चेकलिस्ट पाठवणाऱ्या साहेबांकडून मी यातलं काही शिकले नाही.

चुका होतील, पण वर्षभरात हात बसतो. नमुना प्रयोगशाळेत गेला की अहवालाला पाच दिवस धरा आणि हॉटेलच्या शेफना त्याच हिशेबाने तारीख सांगा, आधीची नाही.