डाउनव्होट पडला की काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि त्याच्या मतांचा आकडा (अपव्होट म्हणजे पसंतीचं मत, डाउनव्होट म्हणजे नापसंतीचं) उणे तीनवर. कमेंट एकही नाही. म्हणजे कोणीतरी आलं, बघितलं, खाली ढकललं आणि चालतं झालं. अशा वेळी डोकं सटकतं हे मान्यच आहे, माझंही सटकलं होतं, आणि त्या सटकलेल्या डोक्याने मी जे जे केलं ते सगळं उलटं पडलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिला अर्धा तास काहीही टाइप करू नका. खास करून "ज्यांनी डाउनव्होट केलं त्यांनी कारण सांगायची हिंमत दाखवावी" हे वाक्य तर नकोच नको. मी हे लिहिलं होतं, शब्द न शब्द. ज्याने व्होट दिला तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो, वाचतो तो नवीन आलेला माणूस, आणि त्याला प्रश्न दिसायच्या आधी तुमचा राग दिसतो. मला अजून दोन मायनस मिळाले, साहजिकच. हॅकर न्यूज या टेक चर्चेच्या साइटच्या नियमांत तर सरळ लिहिलंय की व्होटिंगबद्दल कमेंट करू नका, त्याने काही साधत नाही आणि वाचायलाही कंटाळा येतो. मला आधी हे उद्धट वाटायचं, आता पटतं.

दुसरं काम म्हणजे तुम्ही ज्या साइटवर आहात तिथलं गणित एकदा नीट बघून घेणं, कारण प्रत्येक ठिकाणी ते वेगळं असतं आणि निम्मी चिडचिड गणित माहीत नसल्यामुळेच होते. स्टॅक ओव्हरफ्लो घ्या, 2008 पासून चालू आहे आणि बहुतेकांचा पहिला मार तिथेच बसतो. तिथे एक अपव्होट म्हणजे रेप्युटेशनमध्ये (थोडक्यात रेप, म्हणजे साइटवरची तुमची पत मोजणारे पॉइंट) अधिक 10, एक डाउनव्होट म्हणजे उणे 2. म्हणजे एक माणूस वर आणि तीन माणसं खाली असं झालं तर पोस्टवर उणे 2 दिसतं, बघून पोटात गोळा येतो, पण तुमचं रेप प्रत्यक्षात 4 ने वाढलेलं असतं. गंमत आहे की नाही. आधी प्रश्नाच्या अपव्होटला फक्त 5 मिळायचे, 2019 च्या शेवटी ते 10 केले. आणि रेप 1 च्या खाली जातच नाही, त्यामुळे नवीन अकाउंट असेल तर गमावण्यासारखं तसंही काही नसतं.

आता "कोणीही येऊन कसंही डाउनव्होट करतं" याबद्दल. डाउनव्होट करायला तिथे 125 रेप लागतं, आणि उत्तराला डाउनव्होट दिला तर देणाऱ्याचाही 1 पॉइंट जातो. प्रश्नाला दिला तर त्याचं काहीच जात नाही. म्हणून प्रश्नांवर मायनस धडाधड पडतात आणि उत्तरांवर माणूस जरा विचार करतो, त्यात वैयक्तिक राग वगैरे कमी आणि किंमत शून्य असण्याचा भाग जास्त. हॅकर न्यूजवर कमेंट खाली ढकलायला साधारण 500 कर्मा (तिथले पॉइंट) लागतो, तुमच्याच कमेंटला कोणी उलट उत्तर दिलं असेल तर ते तुम्हाला डाउनव्होट करता येत नाही, आणि कमेंटचा आकडा उणे 4 च्या खाली उतरत नाही. रेडिटवर तर दिसणारा आकडाच मुद्दाम थोडा हलवलेला असतो, बॉटना, म्हणजे आपोआप मतं टाकणाऱ्या प्रोग्रॅमना, खरा आकडा कळू नये म्हणून. तेव्हा रिफ्रेश मारमारून "आत्ता 6 होते, आता 5 झाले, कोण आहे तो" असा तपास करत बसू नका. मी केलाय, एक अख्खी संध्याकाळ.

आता मुद्द्याचं. हा आकडा नक्की काय मोजतो? बरोबर की चूक हे मोजतो असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. तो मोजतो की रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना तुमची पोस्ट दहा सेकंदांत कळली. माझी स्वतःची दोन उत्तरं सांगतो. एक होतं थ्रेडमधल्या रेस कंडिशनचं (प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी एकाच डेटाला हात घालतात आणि गोंधळ होतो, तो बग), तीन तास घालवले, बग माझ्या मशीनवर पुन्हा पुन्हा आणून दाखवला, लॉक कुठे लावायचा, का लावायचा सगळं लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्याने अ‍ॅक्सेप्ट केलं, म्हणजे याने काम झालं अशी खूण केली, व्होट मात्र शून्य. दुसरं होतं स्ट्रिंग उलटी कशी करायची, एक ओळ, चाळीसच्या वर व्होट. कारण उघड आहे, स्ट्रिंग उलटी करणं सगळ्यांना कळतं, त्यामुळे "हो बरोबर आहे" म्हणायला सगळे तयार. रेस कंडिशन तपासायची तर तेवढाच वेळ घालवायला हवा, कोण घालवणार? शिवाय पहिला जो येतो त्याला फायदा मिळतोच. दोन मिनिटांत अर्धवट उत्तर टाकायचं आणि मग त्यालाच एडिट करत बसायचं ही जुनी ट्रिक आहे, व्होट पहिल्या काही मिनिटांतच पडतात आणि जे वर दिसतं त्यालाच आणखी पडतात. नंतर साइटवाल्यांनाही हे कळलं, म्हणून 2021 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने अ‍ॅक्सेप्ट केलेलं उत्तर कायम वर चिकटवून ठेवणं बंद केलं आणि 2022 मध्ये ताज्या व्होटला जास्त वजन देणारी क्रमवारी आणली. तुम्ही उत्तर शोधायला जाल तेव्हा ती निवडून बघा, दहा वर्षांपूर्वीचं हजार व्होटवालं उत्तर आज कालबाह्य असू शकतं.

मग करायचं काय? आपली पोस्ट दहा सेकंदांत कळेल अशी करायची. बोलायला सोपं, म्हणून माझ्या त्या उणे तीनवाल्या प्रश्नाचंच पोस्टमॉर्टेम करून दाखवतो.

मूळ टायटल होतं: "पायथन सीएसव्ही वाचत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट". (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल.) खाली माझी दोनशे ओळींची कोडची अख्खी फाइल चिकटवलेली, आणि एररचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट! जो शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि मोबाइलवर वाचताही येत नाही. आता दुसऱ्या बाजूने बघा. या विषयातला माणूस रोज असे पन्नास प्रश्न बघतो, त्याने माझी दोनशे ओळींची फाइल का वाचावी? "अर्जंट" तर मला होतं, त्याला नव्हतं.

नंतर राग ओसरल्यावर मी बसून फाइल कापत गेलो. डेटाबेसचा भाग काढला, तरी एरर येतेय. लूप काढला, तरी येतेय. शेवटी सहा ओळी उरल्या, सीएसव्ही फाइल उघडायची, डिक्टरीडरने (कॉलमच्या नावाने वाचणारं पायथनमधलं साधन) वाचायची आणि पहिल्या ओळीतला "आयडी" कॉलम छापायचा. त्यावर की-एरर, म्हणे असा कॉलमच नाही, आणि फाइल उघडली तर कॉलम डोळ्यांसमोर ढळढळीत दिसतोय. मग कॉलमची नावं जशीच्या तशी प्रिंट केली तर "आयडी"च्या आधी एक अदृश्य अक्षर चिकटलेलं. ती फाइल एक्सेलमधून युटीएफ-8 (अक्षरं साठवायची एक पद्धत) म्हणून सेव्ह केलेली होती आणि एक्सेल सुरुवातीला बॉम नावाचं एक चिन्ह घालतं, ते पायथनने कॉलमच्या नावाचाच भाग समजून घेतलं होतं. तर नवीन टायटल झालं: "एक्सेलमधून आलेली सीएसव्ही वाचताना पहिल्याच कॉलमवर की-एरर, बाकीचे कॉलम नीट वाचले जातात". खाली सहा ओळींचा कोड, तीन ओळींचा डेटा, एरर टेक्स्टमध्ये, आणि "मला हे व्हायला हवं होतं, हे झालं" अशी दोन वाक्यं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, एन्कोडिंग युटीएफ-8-सिग द्या, बॉम आपोआप गाळला जाईल. एका शब्दाचा फरक! आणि दोन मायनस काढूनही घेतले गेले.

ते कसे काढले गेले हेही समजून घ्या, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर व्होट दिल्यावर काही मिनिटांत तो लॉक होतो, देणाऱ्याला वाटलं तरी बदलता येत नाही. पोस्ट एडिट झाली की लॉक उघडतो. म्हणजे तुम्ही एडिट केलं नाही तर समोरचा कितीही भला माणूस असला तरी त्याचे हात बांधलेले. एडिट नुसतं "कृपया मदत करा" टाकण्यापुरतं नको, ज्याच्यावरून मायनस पडला तेच बदला. आणि एडिटमध्ये खाली "अपडेट एक, अपडेट दोन" असे मजले चढवू नका, मूळ मजकूरच नव्याने लिहा, जुनं व्हर्जन हिस्टरीत राहतंच.

डिलीट करून पुन्हा नव्याने टाकायचा मोह सगळ्यांना होतो. टाळा. स्वतः डिलीट केलेले मायनसमधले प्रश्न विसरले जात नाहीत, ते तुमच्या खात्यात धरले जातात आणि असे साठले की नवीन प्रश्न विचारायलाच बंदी येते, ती उठवायला मग जुने प्रश्न सुधारत बसावं लागतं. बरं, तुम्ही काहीच नाही केलं तरी मायनसमधला, उत्तर नसलेला प्रश्न तिथे 30 दिवसांनी आपोआप डिलीट होतो. म्हणजे मलमपट्टी करायला महिनाभर हातात असतो, तेवढा पुरतो.

प्रश्न डुप्लिकेट म्हणून, म्हणजे "हे आधीच विचारून झालंय" म्हणून, बंद झाला तर? हा सगळ्यात झोंबणारा प्रकार, कारण ज्याचं डुप्लिकेट म्हणतात तो प्रश्न बघितला की पहिल्यांदा वाटतं "याचा माझ्याशी काय संबंध". आधी तिथलं उत्तर आपल्या कोडवर खरंच चालवून बघा, वाचून ठरवू नका. दहातल्या सात-आठ वेळा माझंच काम झालंय आणि मी गपगुमान परत आलोय. उरलेल्या वेळी प्रश्नात एडिट करून लिहा की अमुक प्रश्नातलं उत्तर मी असं असं चालवलं, त्याने ही एरर आली, माझी केस इथे वेगळी आहे. "हे डुप्लिकेट नाही" एवढंच लिहून कोणी उघडत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर बंद करायला सहसा तीन जणांची मतं लागतात पण एखाद्या टॅगमध्ये (विषयाच्या लेबलमध्ये) गोल्ड बॅज, म्हणजे त्यातला वरचा मान, असलेला माणूस डुप्लिकेट म्हणून एकटा बंद करू शकतो, आणि तसाच एकटा उघडूही शकतो, तेव्हा त्याच्याशी कमेंटमध्ये नीट बोलणं हे तुमच्याच फायद्याचं.

उत्तरावर मायनस पडला तर मात्र जरा घाबरा, कारण वर म्हटलं तसं देणाऱ्याने स्वतःचा पॉइंट घालवलाय. मी तीन गोष्टी बघतो: मी दिलेला कोड मी खरंच चालवला होता का, प्रश्नात विचारलेल्याच गोष्टीचं उत्तर दिलंय का, आणि नुसता कोड टाकून पळालोय का. तिसरं बहुतेक वेळा असतंच. दोन वाक्यं लिहा, हे का चालतं आणि कुठे चालणार नाही. उत्तर चुकीचंच निघालं तर सरळ काढून टाका, पोस्ट गेली की तिच्यावरचे मायनसही बहुतेक परत मिळतात, त्यात कमीपणा काही नाही.

कधी कधी मात्र खरंच कोणीतरी खुन्नस काढत असतं. पाच मिनिटांत तुमच्या सात जुन्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पोस्टवर एकेक मायनस पडला तर ते पोस्ट वाचून दिलेलं नाही. तेव्हाही भांडायला जाऊ नका, स्टॅक ओव्हरफ्लोवर असे सलग व्होट पकडणारी स्क्रिप्ट रोज चालते आणि ते उलटवले जातात, एक दिवस थांबा. नाहीच झालं तर मॉडला (साइटवर देखरेख करणाऱ्याला) फ्लॅग करा, म्हणजे तक्रार कळवा, नाव घेऊन आरोप न करता फक्त वेळ आणि पोस्ट सांगा. आणि मित्राला सांगून अपव्होट मारून घेणं हा त्यावरचा उपाय नाही, तीच स्क्रिप्ट तुमच्या मित्रालाही पकडते.

आता तुम्ही स्वतः व्होट देता त्याचं बघू, कारण तक्रार करणाऱ्यातले निम्मे लोक स्वतः व्होट देतच नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लोवर अपव्होटला फक्त 15 रेप लागतं. ज्या उत्तराने तुमचं काम झालं त्याला देऊन टाका, विशेषतः खाली पडलेल्या, नंतर आलेल्या उत्तराला, तिथे एका व्होटने खरंच फरक पडतो, हजारवाल्याला तुमच्या एकाने काही होत नाही. डाउनव्होट देताना मी नवीन माणूस असेल तर आधी एक ओळ लिहितो, "एरर टेक्स्टमध्ये टाका आणि कोड दहा ओळींवर आणा", एवढंच, लेक्चर नाही. मग पोस्टच्या खालचं फॉलो दाबून ठेवतो. त्याने एडिट केलं की नोटिफिकेशन येतं, तेव्हा लॉक उघडलेला असतो, आणि पोस्ट सुधारली असेल तर मी माझा मायनस काढून घेतो.