टर्बोचे चाक कसे घडते हे न जाणता होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आंबा घाट चढताना शिटीसारखा आवाज करणाऱ्या एका गाडीचा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र, रत्नागिरीत माझ्या टेबलावर आला. हवा दाबणाऱ्या, म्हणजे कंप्रेसरच्या, चाकाचे एक पाते बाकीच्या पात्यांपेक्षा उजळ दिसत होते. भिंग लावल्यावर त्यावर पकडीच्या दातांचे वळ आणि मुळाशी केसाएवढा तडा दिसला. वाकलेले पाते कोणीतरी पकडीने सरळ केले होते. मालकाचे पैसे वाचावेत हाच त्यामागचा हेतू असणार, पण हे चाक म्हणजे पंखा नव्हे, आणि बहुतेक चुकांचे मूळ या गैरसमजात आहे.

मोटारीच्या लहान टर्बोचे चाक मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे सहज घेते. ५० मिलिमीटर व्यासाचे चाक १,८०,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ४७० मीटर, म्हणजे आवाजाहून अधिक वेगाने धावत असते. अशा वेळी मध्यापासून २० मिलिमीटरवर ०.१ ग्रॅम वजन जास्त झाले, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे, तर ते शाफ्टला, म्हणजे टर्बोची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याला, सुमारे ७२ किलोच्या जोराने एका बाजूला ओढते. म्हणूनच कारखान्यात चाकाच्या मागच्या बाजूवर किंवा नाकाजवळ मुद्दाम थोडा धातू खरवडून तोल साधलेला असतो. त्या खाचा चाकाला मार लागल्याच्या खुणा समजून कानशीने गुळगुळीत करणारे मी पाहिले आहेत. तेवढ्या एका कृतीने साधलेला सगळा तोल वाया जातो.

कंप्रेसरचे चाक बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि ते दोन प्रकारे घडते. ओतीव चाकासाठी रबरासारख्या लवचिक नमुन्याभोवती प्लॅस्टरचा साचा करतात. पाती वळलेली आणि एकमेकांवर झुकलेली असल्यामुळे टणक नमुना साच्यातून निघालाच नसता. लवचिक नमुना मात्र ओढून काढता येतो. दुसऱ्या प्रकारात घडाई केलेल्या अखंड धातूतून, बहुधा २६१८ या मिश्रधातूतून, पाच अक्षांच्या मिलिंग यंत्रावर चाक कोरतात. बाजारात यालाच ‘बिलेट’ म्हणतात. घडीव धातूत ओतकामातली सूक्ष्म छिद्रे नसतात, त्यामुळे पाती पातळ ठेवता येतात आणि थकव्याने, म्हणजे वारंवार ताण पडून, तडा जाण्याचे भय कमी होते, हे खरे आहे. परंतु पात्यांचा आकार इंजिनाच्या हवेच्या गरजेशी जुळत नसेल, तर ‘बिलेट’ या शब्दाने काहीच साधत नाही. कोरीव चाकावर हत्याराच्या बारीक समांतर रेषा दिसतात. त्या दोष नव्हेत. आरशासारखी चमक यावी म्हणून पॉलिश पेपर चालवणे म्हणजे पात्यांची जाडी आणि तोल दोन्ही अंदाजाने बदलणे होय.

एक्झॉस्टच्या वायूने फिरणारे टर्बाइनचे चाक मात्र अगदी वेगळ्या जन्माचे. पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टचे तापमान ९५० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, म्हणून येथे बहुधा इन्कोनेल ७१३ हा निकेलप्रधान मिश्रधातू वापरतात. मेणाचे चाक करून ते सिरॅमिकच्या राबडीत बुडवायचे, वर बारीक वाळू पसरायची, थर सुकू द्यायचा आणि पुन्हा बुडवायचे, असे थरावर थर चढवले जातात. मग वाफेने मेण काढून, कवच भाजून, निर्वात भट्टीत धातू ओततात. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून पाहावासा वाटतो आणि जुलैत त्यांचे कवच भाजताना फुटते. आंबापोळीचा खालचा थर सुकण्याआधी वरचा घातला तर काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. येथेही तेच होते. थर बंद खोलीत, आर्द्रता मोजून आणि ताब्यात ठेवूनच सुकवावेत.

हे चाक पोलादी शाफ्टला घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन किरणांनी जोडतात. लोहचुंबक फिरवून पाहा: शाफ्टला तो घट्ट चिकटतो, चाकावरून मात्र घसरतो. दोन्ही असे कायमचे जोडलेले असल्याने टर्बाइनचे चाक तुटले तर शाफ्टसह जोडच बदलावा लागतो. तुटलेल्या पात्यावर वेल्डिंगने धातू भरण्याचा मोह टाळावा, कारण हा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने तडकतो.

साफसफाईतली चूक आपल्या किनाऱ्यावर जास्त महागात पडते. तेलाचा काळा थर लवकर निघतो म्हणून काही ठिकाणी सगळे भाग कॉस्टिक सोड्यात टाकतात. ॲल्युमिनियमवर बुडबुडे उठतात, आणि ते बुडबुडे म्हणजे धातूच विरघळत असल्याची खूण असते. रॉकेल किंवा सौम्य द्रावण आणि मऊ ब्रश एवढे पुरे. सुटे चाक पावसाळाभर माळ्यावर उघडे ठेवले, तर खाऱ्या दमट हवेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. तडा बहुधा अशाच खड्ड्यापासून सुरू होतो. तेलाचा हलका हात देऊन, कागदात गुंडाळून, बंद डब्यात ठेवावे.

टर्बो उघडण्याआधी शाफ्टचे टोक, चाक आणि नट यांवर एका रेषेत खूण करावी, म्हणजे जोडताना मूळ स्थिती सापडते. अनेक टर्बोंत नटाला उलटे आटे असतात, ते आधी पाहावे. पाना तिरका ओढू नये. बाजूचा जोर पडून शाफ्ट किंचित वाकला तर डोळ्यांना काही कळत नाही. आणि चाक नवे घातले असेल, तर खूण जुळवून भागत नाही. शाफ्ट, दोन्ही चाके आणि नट मिळून पुन्हा बॅलन्सिंग करावेच लागते.

घाटातल्या त्या गाडीला नवे चाक घालण्याआधी मी दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप उतरवून आडवा झटकला. कडेला चिकटलेला पात्याचा नखाएवढा तुकडा खाली पडला, आणि एअर फिल्टरच्या फाटलेल्या होजमध्ये पाते वाकवणारा छोटा खडा सापडला.