हैतीचा राजकीय इतिहास कसा वाचायचा: आधी बंदर बघा, मग राष्ट्राध्यक्ष

हैती या कॅरिबियन देशाबद्दल वाचायला घेतलं की आपण बहुतेक जण दोनपैकी एका ठिकाणाहून सुरुवात करतो, एकतर १२ जानेवारी २०१० चा भूकंप, नाहीतर ७ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांचा राहत्या घरात झालेला खून, आणि मग तिथून मागे मागे जात राहतो. मीही तसंच केलं होतं. बंड, हत्या, पलायन, परत बंड, नुसती नावांची गर्दी झाली डोक्यात आणि शेवटी "या देशाचं कायम असंच" एवढंच हाती लागलं. हे वाक्य चुकीचं तर आहेच, पण त्या लोकांवर अन्याय करणारंही आहे. नंतर मी वाचायची पद्धत बदलली आणि सगळं जुळायला लागलं, तीच पद्धत इथे सांगतोय.

एक वही घ्या. प्रत्येक काळासाठी एक पान, आणि पानाच्या वर एकच प्रश्न लिहा: बंदरावरची जकात कोणाच्या हातात होती? राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. कारण असं, की हैतीच्या सरकारला शे-दीडशे वर्षं उत्पन्नाचं मुख्य साधन एकच होतं, बाहेर जाणाऱ्या कॉफीवरची आणि आत येणाऱ्या मालावरची जकात. कॉफी पिकवायचा डोंगरातला शेतकरी आणि पैसा मोजला जायचा बंदरात, त्यामुळे ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात तिजोरी. एवढं लक्षात ठेवलं की ती सगळी बंडं वेड्यासारखी वाटत नाहीत.

पहिलं पान साखरेचं. तेव्हा नाव होतं सँ-दोमँग, फ्रान्सची वसाहत, आणि १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेतली साधारण ४० टक्के आणि कॉफीतली निम्म्याहून जास्त या एका वसाहतीतून जायची असं इतिहासकार सांगतात. हे पिकवणारे जवळपास ५ लाख गुलाम, त्यातले बहुतेक आफ्रिकेत जन्मलेले, कारण माणसं इतक्या लवकर मरायची की मळेवाले नवीन विकत आणत राहायचे. हे वाक्य वाचून पुढे पळू नका, थोडं थांबा. गोरे तीसेक हजार, आणि जवळपास तेवढेच स्वतंत्र मिश्रवर्णी नि काळे, ज्यांच्यातल्या काहींचे स्वतःचे मळे आणि स्वतःचे गुलामही होते. हा तिसरा गट वहीत ठळक लिहा, पुढची दीडशे वर्षं तो परत परत येणार आहे.

दुसऱ्या पानाला घाई करू नका, मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर उठाव झाला, १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच कमिशनरला गुलामी रद्द करावी लागली, १७९४ मध्ये पॅरिसनेही ते मान्य केलं. तूसाँ लूव्हर्चर हा पूर्वी गुलाम असलेला सेनानी पुढे आला, त्याने १८०१ मध्ये राज्यघटना दिली, मग नेपोलियनने फौज पाठवली, तूसाँला बोलणी करायला म्हणून बोलावून पकडलं आणि एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या थंड किल्ल्यात वारला. पण लढाई थांबली नाही, १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरला फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह शहरात तूसाँच्या हाताखालचा जनरल देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी स्वतः लढून उभा केलेला देश! नाव घेतलं आयिती, तिथल्या मूळ ताइनो लोकांच्या भाषेतलं. त्यानंतर देसालीनच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली तेही लिहा, आणि मागच्या पानावर आपण जिथे थांबलो होतो ते वाक्य परत वाचा, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय १८०४ समजत नाही.

इथेच एक भेग दिसते आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या राजकारणाची किल्ली तीच आहे. सैन्यातल्या जनरलांना मळे चालू ठेवायचे होते, कारण निर्यात नाही तर जकात नाही आणि जकात नाही तर बंदुका नाहीत, म्हणून तूसाँनेही मुक्त झालेल्या माणसाला मळा सोडून जायची परवानगी नाकारली. शेतकऱ्याला मात्र स्वतःचा छोटा तुकडा हवा होता, रताळी, केळी, दोन डुकरं, आणि वर हुकूम करणारा कोणी नको. शहरातले लोक क्रेओल भाषेत गावाकडच्यांना आजही मून आन्देयो म्हणतात, म्हणजे बाहेरची माणसं. आपल्याच देशात बाहेरची. १८०६ मध्ये देसालीनचा खून झाला, उत्तरेत जनरल क्रिस्तोफचं राज्य आणि दक्षिणेत जनरल पेत्योंचं प्रजासत्ताक झालं, तेव्हाही ही भेग दोन्हीकडे होतीच.

आता १८२५. या पानासाठी अख्खी संध्याकाळ ठेवा आणि शक्य असेल तर मूळ हुकूमच शोधून वाचा, तीनच कलमं आहेत. जुलैमध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाची लढाऊ जहाजं राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर येऊन उभी राहिली, तोफा भरलेल्या, आणि हातात हा कागद. पहिलं कलम, फ्रेंच जहाजांकडून निम्मीच जकात घ्यायची. दुसरं, जुन्या मळेवाल्यांना भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्यायचे. तिसरं, या अटींवर स्वातंत्र्य मान्य. म्हणजे ज्यांना गुलाम केलं त्यांनीच मालकाला पैसे द्यायचे, आणि ज्या जकातीतून ते द्यायचे तीही आधीच निम्मी कापलेली! पहिलाच ३ कोटींचा हप्ता हैतीच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट होता, म्हणून पॅरिसच्या बँकांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं, हातात आले २ कोटी ४० लाख, बाकीचे बँकांनी आधीच कापून घेतले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बोये यांनी ग्रामीण कायदा आणला, शेतकऱ्याने जमीन सोडायची नाही, निर्यातीचं पीक काढत राहायचं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जावर कर्ज असं करत शेवटची बाकी फिटली १९४७ साली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं होतं.

१८४३ ते १९१५ हा भाग भरभर वाचा चालेल. साचा एकच आहे, एखादा जनरल उत्तरेत माणसं जमवतो, वाटेतली बंदरं घेत राजधानीवर येतो, आधीचा जहाजात बसून पळतो. फक्त १८८० मध्ये सुरू झालेली 'राष्ट्रीय' बँक फ्रेंच मालकीची होती एवढं टिपून ठेवा.

मग १९१५ वर परत हळू व्हा. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन सैनिक हैतीच्या बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं जहाजावर घालून न्यूयॉर्कला घेऊन गेले होते, सात महिन्यांनी राजधानीत राष्ट्राध्यक्षाला जमावाने मारलं आणि त्याच दिवशी, २८ जुलै १९१५ ला अमेरिकन फौजा उतरल्या त्या १९३४ पर्यंत राहिल्या. वहीतला प्रश्न विचारा आता. जकात गेली अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हातात. रस्ते बांधायला शेतकऱ्यांना दोरीने बांधून वेठीला नेलं, त्यातून काको म्हणजे डोंगरातल्या सशस्त्र शेतकऱ्यांचं बंड पेटलं, १९१९ मध्ये त्यांचा नेता शार्लमान्य पेराल्त याला मारून दाराला बांधलेल्या प्रेताचा फोटो लोकांना घाबरवायला वाटला, तर लोकांना त्यात क्रुसावरचा येशू दिसला. अमेरिकेने जुनं सैन्य मोडून नवीन उभं केलं, आणि पुढची सत्तांतरं बहुतेक याच सैन्याने केली.

द्युव्हालिए बापलेकाच्या पानावर (१९५७ ते १९८६) नुसती क्रूरतेची वर्णनं गोळा करू नका, ती खूप मिळतील. फ्रान्स्वा द्युव्हालिए सैन्याला घाबरायचा म्हणून त्याने स्वतःची टोळी उभी केली, लोक तिला तोंतों माकूत म्हणायचे, पोरांना पोत्यात घालून नेणारा त्यांच्याकडचा बागुलबुवा. मिश्रवर्णी श्रीमंतांविरुद्ध काळ्यांचं राज्य अशी भाषा वापरली, म्हणजे पहिल्या पानावरचा तिसरा गट परत आला बघा. १९७१ मध्ये तो मेला आणि १९ वर्षांचा मुलगा तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला. मुलाच्या काळातली एक गोष्ट मात्र चुकवू नका, स्वाइन फीव्हरच्या भीतीने अमेरिकेच्या दबावाखाली देशातली गावठी डुकरं मारून टाकली. गावाकडे डुक्कर म्हणजेच बँक, शाळेची फी, लग्न, आजारपण सगळं त्यावर. लोक का उठले हे त्यातूनही कळतं.

७ फेब्रुवारी ही तारीख लाल पेनने लिहा. १९८६ मध्ये त्या दिवशी मुलगा पळाला, म्हणून १९८७ च्या घटनेत नवीन राष्ट्राध्यक्षाची शपथ त्याच दिवशी ठेवली, आणि म्हणून आजही मुदतीची भांडणं फेब्रुवारीत पेटतात. हैतीत म्हण आहे, घटना कागदाची, संगीन लोखंडाची. डिसेंबर १९९० मध्ये गरिबांचे धर्मगुरू आरिस्तीद ६७ टक्के मतांनी निवडून आले, शपथेनंतर आठ महिन्यांच्या आत सैन्याने हाकललं, १९९४ मध्ये अमेरिकन फौजेबरोबर परत आले, आणि त्यानंतर आयात तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आणली गेली, ती आणायला लावणारे बाहेरचे होते. आर्तिबोनीत खोऱ्यातला भात पिकवणारा बुडाला, बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आरिस्तीद परत निवडून आले, २००३ मध्ये फ्रान्सकडे १८२५ चे पैसे मागितले, २१ अब्ज डॉलरच्या वर, आणि २९ फेब्रुवारी २००४ ला अमेरिकन विमानातून देशाबाहेर गेले. ते म्हणाले मला पळवून नेलं, अमेरिका म्हणाली स्वतःहून गेले. दोन्ही लिहून ठेवा.

भूकंपाकडे आत्ता या. आणि त्याच वर्षीच्या कॉलऱ्याकडे, जो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत आला, साधारण दहा हजार माणसं गेली आणि माफी यायला डिसेंबर २०१६ उजाडला.

आजच्या टोळ्यांची बातमी वाचतानाही वही जवळच ठेवा. २०२२ मध्ये टोळ्यांनी राजवाडा घेतला नाही, त्यांनी व्हारो हे इंधन उतरवायचं बंदर अडवलं, आणि जवळपास दोन महिने दवाखान्यांचे जनरेटरसुद्धा बंद पडायची वेळ आली. बातमीत नाव कोणाचंही असो, आधी बघा तो माणूस कुठल्या धक्क्यावर, कुठल्या रस्त्यावर उभा राहून पैसे घेतोय, ते वहीत लिहा आणि मग त्याचं नाव लिहा.