रम घ्यायला जाताना नाक सोबत न्या

डिसेंबरात मोटारसायकलवरून पंढरपूर रस्त्याला लागलात की दोन वास हमखास भेटतात. आधी ट्रॉलीतल्या उसाचा, हिरवा आणि ओलसर. मग पुढे मळीचा टँकर असला तर दुसरा: गोड, जळका, जरासा आंबूस, घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकात बसून राहणारा. पाहुणेमंडळी रुमाल काढतात. माझी तीस वर्षं त्याच वासात गेली. आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, नंतर तिथल्याच डिस्टिलरीत. आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहतो, आणि वाइन शॉपच्या दारात उभं राहून गल्लीतली पोरं मला फोन करतात, "काका, रम कुठली घेऊ?"

मी उलट विचारतो, उसाचा कुठला वास आवडतो बाबा तुला? रसाचा, गुळाचा, काकवीचा की मळीचा? त्यांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. पण उत्तर मिळालं की अर्धी बाटली ठरलेली असते.

कारण रम म्हणजे उसाची दारू. बहुतेक मळीची, थोडीफार थेट रसाची. टनभर ऊस गाळून साखर काढली की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. तिच्यात पाणी आणि यीस्ट घातलं की दीड-दोन दिवसांत आठ-दहा टक्के अल्कोहोलचा वॉश, म्हणजे आंबवलेलं पाणी, तयार होतो. इथपर्यंत जगात सगळीकडे साधारण सारखंच. पुढे वाटा फुटतात. आमच्याकडे गाळायला, म्हणजे वाफ करून अल्कोहोल वेगळा काढायला, उंच कॉलम होते. वॉश त्यातून फिरून शेवटी ९६ टक्क्यांचं ईएनए होऊन यायचा, म्हणजे असं स्पिरिट की ते उसाचं आहे हे कुणाला ओळखता येऊ नये. चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे आणि हुंगायचे. मळीची जराशी जरी झाक लागली तरी ते परत कॉलममध्ये. वास घालवण्याचाच आम्हाला पगार होता.

जमैकातल्या काही डिस्टिलऱ्या नेमकं उलटं करतात. तांब्याच्या पोटफुग्या हंड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, गाळतात. वॉश दीड दिवसात न उरकता कित्येक दिवस, कधी आठवडे आंबवतात. आणि मागच्या खेपेचा उरलेला गाळ पुन्हा आंबवणात घालतात. तो गाळ म्हणजे आपला स्पेंट वॉश हो! आम्ही ज्याची विल्हेवाट लावता लावता प्रदूषण मंडळाच्या नोटिसांना उत्तरं लिहायचो, तो. त्याने एस्टर वाढतात. एस्टर म्हणजे फळांच्या वासाची रसायनं. हलक्या जमैकन रममध्ये ती शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे ऐंशी ग्रॅमच्या आत असतात, आणि सगळ्यात जहाल प्रकारात सोळाशेपर्यंत जातात. अशी रम नुसती कुणी पीत नाही, मसाल्यासारखी दुसऱ्या रममध्ये मिसळतात. साध्या जमैकन बाटलीतही पिकून काळं पडलेलं केळं, अननस आणि मागून नेलपॉलिश, असा मामला असतो. पहिल्या हुंग्याला तोंड वाकडं होतं. दुसऱ्यांदा माणूस स्वतःहून नाक पुढे करतो.

ज्याला मळीचा वास आवडतो त्याच्यासाठी ही जमैका. त्याच घरातली पण सौम्य हवी असेल तर गयानाची डेमेरारा रम. तिथे अजून लाकडी स्टिल चालवतात, आणि ती रम जड, काकवीसारखी लागते.

रसवंतीच्या चरकाशेजारी पडलेल्या ओल्या चिपाडाचा वास ज्याला आवडतो त्याने फ्रेंच बेटांची रम शोधावी, मार्टिनिकची. तिथे ताज्या रसाचीच रम करतात, आणि १९९६ पासून तिला फ्रान्सचा तोच कायदेशीर दर्जा आहे जो तिथल्या नामांकित वाइनना असतो. आपल्याकडेही आता रसापासून केलेली, बारा वर्षं लाकडी पिंपात मुरवलेली कॅमिकारा निघते. अमृतच्या टू इंडीजमध्ये कॅरिबियन रमबरोबर आपल्या गुळाचं स्पिरिट असतं. ही गूळवाल्यांची बाटली. गोव्याची माका झाय आहे; कोकणीत नावाचा अर्थच 'मला पाहिजे'. आणि ज्याला कुठलाच वास नको, नुसतं लिंबू-सोड्याबरोबर गार काहीतरी हवं, त्याला बकार्डीसारखी हलकी पांढरी. तो घाट १८६२ साली क्यूबाच्या सांतियागोत पडला. यात कमीपणा काही नाही. मे महिन्यात मीही तीच घेतो.

आता रंगाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. काळी म्हणजे जुनी, पांढरी म्हणजे कच्ची, असं आपल्याकडे धरून चालतात. बकार्डीची पांढरी रमसुद्धा लाकडी पिंपात ठेवलेली असते. नंतर कोळशातून गाळून रंग काढतात. उलट काळा रंग द्यायला कॅरमेल पुरतो, जळक्या साखरेचा. बादलीभर स्पिरिट काळं करायला ते किती थोडं लागतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा बाटली उजेडात धरून "काय रंग आहे बघा" म्हणणाऱ्याला मान डोलवा आणि लेबल वाचायला घ्या.

लेबलवर आधी टक्का बघायचा. आपल्याकडे बहुतेक रमवर ४२.८ लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा इंग्रजांच्या प्रूफवरून, म्हणजे दारूची तीव्रता मोजायच्या त्यांच्या जुन्या मापावरून आलाय. त्यांच्या हिशेबात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. दारूने भिजवलेली बंदुकीची दारू तरीही पेटली तर ती खरी, अशी जुनी कसोटी सांगतात. आपण ७५ प्रूफ ठरवलं, त्याचे झाले ४२.८. ओल्ड मंकही तेवढीच. ती १९५४ ची, मोहन मीकिनची, आणि मुरण्याची सात वर्षं ती अभिमानाने सांगते. तिच्यात व्हॅनिला इतका पुढे येतो की डोळे मिटून हुंगली तर बेकरीत उभं असल्यासारखं वाटतं. तिला नावं ठेवणारे आता पुष्कळ झालेत. मी ठेवत नाही. शिकायला हीच घ्या, कारण ती सोलापुरातल्या प्रत्येक दुकानात मिळते आणि तिची चव सगळ्यांच्या ओळखीची असते. तुलनेला एक पायरी हवीच.

वर्षांच्या आकड्याला मात्र लगेच भुलू नका. जमैका आणि बार्बाडोसमध्ये लेबलवरचं वय मिश्रणातल्या सगळ्यात लहान रमचं असतं. काही नामांकित लॅटिन बाटल्यांवर मोठा आकडा असतो तो सगळ्यात थोरल्या रमचा. ग्वाटेमालाच्या झकापा २३ मध्ये सहा वर्षांचीही रम असते. शिवाय हवा मोजावी लागते. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, आपल्यासारख्या उष्ण मुलखात त्याच्या कितीतरी पट. म्हणजे गरम देशातली सात वर्षं थंड देशातल्या सात वर्षांपेक्षा भारी पडतात.

साखर घातलीय का, हे लेबल बहुधा सांगत नाही. त्याला माझी एक कसोटी आहे. स्टीलच्या ताटलीत अर्धा चमचा रम ओतायची आणि रात्रभर कोपऱ्यात ठेवायची. सकाळी बोट फिरवायचं. कोरडी किंवा नुसती डागाळलेली असेल तर ठीक. बोट चिकटलं तर वरून गोडवा घातलाय. मागे मेहुण्याने विमानतळावरून एक महागडी बाटली आणली होती. गुळगुळीत, गोड, सगळे म्हणाले काय स्मूथ आहे. मी गुपचूप ताटली लावून ठेवली. सकाळी बोट फिरवायची वेळच आली नाही, ताटलीभर मुंग्या होत्या. सौ.ने ती ताटली मेहुण्याच्या चहाशेजारीच ठेवली. गोड रम वाईट असते असं मी म्हणत नाही, पण मुरण्याचे पैसे मोजून साखर का घ्यायची?

दुकानात जायचं तर महाराष्ट्रात वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, तो काढून ठेवा. ड्राय डे कॅलेंडरवर बघून ठेवा; आषाढीला तर आपल्याकडे कुणी विचारूही नये. सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल तपासा. सुटी, स्वस्त, "मिलिटरीची आहे" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. माझ्या शेजारी निवृत्त सुभेदार राहतात, कॅन्टीनची खरी बाटली कशी असते ते मला माहीत आहे, आणि ती अशी पानपट्टीवर मिळत नसते. पहिल्यांदा खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, घेऊ नका. दोन वेगळ्या रमचे क्वार्टर घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून प्या. एकटी रम काही सांगत नाही, दुसरी शेजारी आली की दोघी बोलायला लागतात. सोलापुरात निवड तोकडी पडते. बाकीच्या बाटल्या पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून येणाऱ्याच्या बॅगेतून. ड्युटी फ्रीमधून माणशी दोन लिटर आणता येते, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.

आता प्यायचं. इथे माझाच गाढवपणा सांगतो. एका मे महिन्यात बार्बाडोसची चांगली रम गच्चीवर उघडली. रात्रीचे नऊ वाजले तरी फरशी तापलेली. चौघांनी हुंगली, चौघांनी डोळे पुसले. अडतीस-चाळीस अंशांना अल्कोहोल आधी उडतो आणि बाकी सगळे वास त्याच्या मागे दडतात. पुस्तकात "रूम टेंपरेचरला प्या" लिहितात ती खोली सोलापुरातली नसते. उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी. बर्फ घालू नका, त्याने नाक आणि जीभ दोन्ही बधिर होतात.

ग्लास लहान आणि तोंडाशी निमुळता बरा. नसेल तर कटिंग चहाचा काचेचा ग्लास, पाव भरून. तीस मिली घ्या. नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. मग एक घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून. मग चमचा चमचा पाणी घालत जा. तिसऱ्या चमच्याला गूळ किंवा केळं अचानक वर येतं, तिथे थांबा. ग्लास रिकामा झाल्यावर तासाभराने पुन्हा हुंगा. चांगल्या रमचा खरा वास मला नेहमी रिकाम्या ग्लासातच सापडतो.

कोलाबरोबर प्यायची असेल तर खुशाल प्या, फक्त साधी काळी रम वापरा, एकास तीन, आणि लिंबू पिळल्याशिवाय नाही. माझी उन्हाळ्याची आवड वेगळी. रसवंतीतून आलं-लिंबू घातलेला रस बिनबर्फाचा आणायचा, घरी गार करायचा आणि १५० मिली रसात ४५ मिली पांढरी रम. रस काळा पडायच्या आत संपवायचा, आणि वर दोन ग्लास पाणी प्यायचं, नाहीतर उन्हाळा सकाळी डोक्यात हिशेब चुकता करतो. थंडीत सुभेदारांची पद्धत: साठ मिली काळी रम, चमचाभर काकवी, दोन लवंगा, अर्धं लिंबू आणि गरम पाणी. उकळतं नको, वाफेबरोबर अल्कोहोल थेट नाकात जातो. ते मला सांगतात, "साहेब, साखर घातली तर ते औषध होतं." काकवी त्यांच्या गावच्या गुऱ्हाळावरून येते, त्यामुळे यावर वाद घालायची सोय नाही.

चखण्याला फरसाण नको, त्याच्या मसाल्यापुढे रम दिसत नाही. भट्टीत भाजलेल्या शेंगा उत्तम. कडक भाकरीवर शेंगाची चटणी आणि घट्ट दही काळ्या रमबरोबर छान जमतं. तिखट चटणीला रमचा गोडवा सांभाळून घेतो. उजनीची चिलापी कुरकुरीत तळून मिळाली तर तिच्याबरोबर पांढरी, लिंबू-सोडा घालून. आणि जेवणानंतर, नुसत्या मुरलेल्या रमच्या तीस मिलीबरोबर, शेंगाची पोळी. तूप लावलेली. एकदा करून बघा आणि मग मला फोन करा, पण दुपारी करू नका, मी झोपलेला असतो.

उघडलेली बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर बूच खराब होतं. निम्म्याच्या खाली गेली की लहान बाटलीत ओतून घ्या, आतली हवा कमी तितका वास टिकतो. उन्हापासून लांब ठेवा. माझ्या बाटल्या आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत जुन्या चादरींत गुंडाळलेल्या असतात, आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी मी तिचं लेबल खरवडून काढतो, म्हणजे तिच्यात दुसरं काही भरून कुणी विकायला नको.