समुद्रातील तेलावर हक्क कोणाचा, हे कसे तपासावे

किनाऱ्यापलीकडे तेल किंवा वायू सापडल्याची बातमी आली की, संबंधित राज्याला त्यातून किती वाटा मिळणार, हा प्रश्न लगेच विचारला जातो. भारतापुरते त्याचे उत्तर ठरावीक क्रमाने तपासून काढता येते. हा क्रम बॉम्बे हायच्या उदाहरणावरून समजून घेणे सोयीचे आहे, कारण फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजावरून केलेल्या खोदकामात सापडलेले हे क्षेत्र मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असून १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू आहे.

सर्वप्रथम ठिकाण निश्चित करावे. सागरी अंतरे किनाऱ्यावरील एखाद्या शहरापासून मोजत नाहीत, तर केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून, म्हणजे अंतरे मोजण्यासाठी किनाऱ्यालगत ठरवलेल्या रेषेपासून, मोजतात. आधाररेषेच्या आत, म्हणजे खाड्या आणि आखातांच्या बाजूला असलेले पाणी अंतर्गत जलक्षेत्र मानले जाते, आणि त्याच्या तळाबाबत पुढील विवेचन जसेच्या तसे लागू होत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमानुसार या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, प्रादेशिक जलक्षेत्र असते आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे सागरी संपत्तीवर फक्त त्या देशाचा हक्क असलेला पट्टा, असते. भूखंड मंच, म्हणजे जमिनीचा समुद्राखाली पसरलेला भाग, त्याहीपुढे जाऊ शकतो. बॉम्बे हाय साहजिकच प्रादेशिक जलक्षेत्राच्या बाहेर, परंतु अनन्य आर्थिक क्षेत्राच्या आत येते.

त्यानंतर संविधानाचा अनुच्छेद २९७ वाचावा. प्रादेशिक जलक्षेत्र, भूखंड मंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र या तिन्हींतील समुद्राखालच्या जमिनी, खनिजे आणि इतर मौल्यवान वस्तू संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, ठायी निहित होतात, असे तो स्पष्ट सांगतो. मूळ अनुच्छेदात केवळ प्रादेशिक जलक्षेत्राचा उल्लेख होता; १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने भूखंड मंचाची, तर १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्राची भर घातली. त्यामुळे मालकीच्या प्रश्नात १२ मैलांच्या आत की बाहेर, याने राज्याच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. अमेरिकेत १९५३ च्या कायद्याने किनारी राज्यांना साधारणतः ३ मैलांपर्यंतचा समुद्रतळ दिला आहे. तो दाखला आपल्याकडील चर्चेत वरचेवर दिला जातो, पण भारतीय संविधानात त्याला आधार नाही.

मालकीनंतर कायदा करण्याचा अधिकार पाहावा. संघ सूचीतील (संविधानातील संसदेच्या विषयांच्या यादीतील) नोंद ५३ तेलक्षेत्रे आणि खनिज तेलसंपत्तीचे नियमन संसदेकडे सोपवते. राज्य सूचीच्या नोंद २५ मध्ये ‘वायू’ हा शब्द असल्याने गुजरातने २००१ मध्ये वायूच्या वहन, पुरवठा व वितरणाचा स्वतंत्र कायदा केला होता. परंतु नैसर्गिक वायू, द्रवरूप असला तरी, नोंद ५३ मध्येच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले आणि तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा असल्याचे जाहीर केले. मासेमारीची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रादेशिक जलक्षेत्रातील मत्स्यव्यवसाय राज्याच्या अखत्यारीत असल्यानेच महाराष्ट्राला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा करता आला. म्हणजे एकाच जागी वरच्या माशांविषयी मुंबईत कायदा होतो आणि खालच्या तेलाविषयी दिल्लीत; ही विभागणी चमत्कारिक वाटली तरी ती संविधानाच्याच शब्दांतून आलेली आहे.

कायदा शोधताना दोन चुका हमखास होतात. २००२ चा अपतटीय (किनाऱ्यापलीकडील) खनिजांचा अधिनियम नावावरून लागू वाटतो, पण खनिज तेले त्यातून वगळलेली आहेत. येथे १९४८ चा तेलक्षेत्र अधिनियम, त्यातील २०२५ ची दुरुस्ती आणि त्याखालील नियम पाहावे लागतात. दुसरी चूक सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाबाबत होते. स्वामित्वधन (खनिज काढल्याबद्दल मालकाला द्यायची रक्कम) हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे त्यात बहुमताने ठरले. मात्र तो वाद जमिनीवरील खाणींचा होता, आणि समुद्रतळाच्या मालकीला त्याने हात लावलेला नाही.

कंपनीचा हक्क तपासताना तिच्याशी झालेला करार वाचावा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये स्पष्ट केले की, उत्पादन वाटणी कराराखाली (ज्यात खर्च वजा जाता उरलेले उत्पादन सरकार आणि कंपनीत वाटले जाते) काम करणारा कंत्राटदार वायूचा मालक होत नाही आणि वायू करारात ठरलेल्या सुपूर्दीच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत मालकी सरकारकडेच राहते. २०१६ च्या धोरणापासून नव्या करारांत नफ्याऐवजी महसुलाची वाटणी होते, त्यामुळे करार कोणत्या काळातला आहे, हे पाहिल्याखेरीज सरकारच्या वाट्याविषयी विधान करू नये.

पैशाचा माग काढणे हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि राज्यांची खरी तक्रारही तेथेच आहे. आसाम किंवा गुजरातमधील जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन त्या राज्याला मिळते. समुद्रातील तेलाचे केंद्राला मिळते. शिवाय स्वामित्वधन हा करेतर महसूल असल्याने वित्त आयोग ज्या करांची वाटणी सुचवतो, त्यांत ते धरले जात नाही, आणि कच्च्या तेलावरील उपकरही अनुच्छेद २७० नुसार वाटणीबाहेर राहतो. परिणामी बॉम्बे हायच्या उत्पन्नातून महाराष्ट्राला थेट असे काही मिळत नाही. माझ्या मते या स्थितीवर टीका करण्यास भरपूर वाव आहे. पण ती न्यायालयापेक्षा संसदेपुढे आणि वित्त आयोगापुढे मांडणे अधिक फलदायी ठरेल, कारण अनुच्छेद २९७ च्या भाषेत संदिग्धता अशी उरलेलीच नाही.

राज्याचे हक्क किनाऱ्यावर शोधावेत. बॉम्बे हायचे तेल आणि वायू नळवाहिनीने उरणला येतात. तेथील जमीन, पोलीस, रस्ते आणि पाणी हे राज्याचे विषय आहेत, आणि पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवरील कर राज्य आकारते. नळवाहिनीसाठी शेतजमिनीचा वापर हक्क मात्र १९६२ च्या केंद्रीय कायद्याखाली संपादित होतो, म्हणून भरपाईचा प्रश्न असलेल्या शेतकऱ्याने त्या कायद्याखाली निघालेली अधिसूचना आधी मिळवावी आणि हरकतीची मुदत तपासावी. क्षेत्राच्या सीमा व करार यांविषयीचा माहिती अधिकाराचा अर्ज हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे किंवा केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाकडे करावा. राज्याच्या मालकीच्या जमिनीची कागदपत्रे मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतील.