केळीच्या बागेतला चकवा : मराठी टेक्स्ट ॲडव्हेंचर लिहिताना

विल क्राउथर आणि डॉन वूड्स यांचा १९७६-७७ चा गुहेत हिंडण्याचा संगणकावरचा खेळ आजही लोक खेळतात. त्यात चित्र नाही: संगणक जागेचं वर्णन छापतो, आपण हुकूम टाइप करतो. अशा खेळाला टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणतात. पुढे काय करायचं ते आपल्यालाच सुचावं लागतं. म्हणून लिंकवर टिचक्या मारायला लावू नका, हुकूम टाइप करू द्या. लिहायला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरते.

सहा जागा घ्या. ओटा, माजघर, अंधारं बळद (धान्याची कोठी), वर धाबं, मागे विहीर आणि केळीची बाग. आधी कागदावर चौकोन काढून बाणांनी जोडा.

खरी मारामार शब्दांशी. ‘कंदील’ एकदा ‘कंदिलाने’ होतो, ‘विहीर’ ‘विहिरीत’. म्हणून आलेल्या ओळीतली प्रत्येक ी ची ि करा, ू चा ु करा, मग शब्दाची सुरुवात ‘कंदिल’, ‘विहिर’ अशा तुकड्यांशी ताडून पाहा. लांब तुकडा आधी. तुकडा फार तोडू नका. नुसतं ‘उत’ धरलंत, तर ‘उत्तरेला जा’ म्हणणारा थेट विहिरीत उतरतो! ‘पायऱ्या’ची गंमत वेगळीच: काही कीबोर्ड ऱ वापरतात, काही र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखंच, संगणकाला वेगळं. ताडण्याआधी दोन्हींचं एकच रूप करून घ्या.

क्रियापद बहुधा शेवटी येतं, हे सोयीचं. पण ‘कंदील लाव’ म्हणजे पेटव आणि ‘दार लाव’ म्हणजे बंद कर. तेव्हा अर्थ वस्तू पाहूनच ठरवा.

कंदिलात चाळीस चालींचं तेल ठेवा आणि दहा उरल्या की वात फडफडू द्या. न सांगता विझवलात तर खेळाडू चिडून उठतो.

बागेच्या मात्र एकाऐवजी चार जागा करा, चौघींना एकच वर्णन: ‘पाच-पाच फुटांवर केळी. चारी बाजूंना तेच.’ जुन्या खेळातल्या भुलभुलैयाचा हा खानदेशी चकवा. सुटका एकच, खुणेला वस्तू टाकत जाणं. त्यामुळे पोहरा, विळा, आगपेटी, कळण्याची भाकरी अशा निदान चार वस्तू हाती हव्यात, आणि टाकलेली वस्तू वर्णनाखाली दिसलीच पाहिजे. ही ओळ विसरली की कोडं सुटतच नाही.

‘समजलं नाही’ एवढंच छापू नका. कोणता शब्द अडला तेही सांगा आणि तो फाइलीत साठवा. अहिराणी बोलणाऱ्या दोघातिघांना खेळायला बसवा. फाइलीत ‘आठे’, ‘तठे’ दिसले की ‘इथे’, ‘तिथे’च्या यादीत घाला.