मुहूर्तापासून उलटं मोजा: घरच्या लग्नाचं नियोजन

ऑफिसातला प्रकल्प पंधरा दिवस पुढे ढकलला तर फार तर बोलणी बसतात. लग्नाचा मुहूर्त ढकलता येत नाही. म्हणून लग्नाचं वेळापत्रक आजपासून पुढे न मांडता मुहूर्तापासून मागे मोजत आणावं. पुढचा सगळा हिशोब एका नेहमीच्या लग्नाचा धरला आहे: पुणे किंवा नाशिकसारखं शहर, मंगल कार्यालय, चारशेच्या आसपास पानं, मुहूर्त दुपारी १२ वाजून २१ मिनिटांचा.

याद्या मनावर घ्या

बैठकीत याद्या करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकात प्रकल्पाचा पहिला करारकागद म्हणतात तो हाच. पण हल्ली बरीच घरं ‘आपल्यात कसल्या याद्या’ म्हणून तो टाळतात आणि मग लग्नाच्या आठवड्यात हळदीचा खर्च कुणाचा यावर आवाज चढतात. कागदावर एवढं तरी यावं: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि पूजा यांतलं काय कुणाकडे, प्रत्येक बाजूची पानं किती, कार्यालय, जेवण, फोटो, फुलं, गुरुजींची दक्षिणा यांतला कुणाचा वाटा किती, मानपानात कोण कोण आणि प्रत्येकाला काय, आहेर घ्यायचे की नाही, बाहेरगावच्यांचा मुक्काम कुणी बघायचा. दोन प्रती, दोन्ही घरच्या सह्या.

या कागदावर हुंड्याला जागा नाही. १९६१ च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. वधूवरांना स्वखुशीने मिळालेल्या वस्तूंची मात्र वेगळी लेखी यादी ठेवावी. १९८५ च्या नियमांत ती सांगितलेलीच आहे आणि पुढे दागिन्यांवरून कुणाचं मन दुखावत नाही.

यजमान वेगळा, कारभारी वेगळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. वधूचे वडील सकाळपासून सोवळ्यात पाटावर बसलेले असतात, शेजारी आई. आणि केटररला, मंडपवाल्याला, ड्रायव्हरला नंबर दिलेला असतो त्यांचाच. फोन वाजतो, गुरुजी थांबतात, होमापुढून उठून कुणीतरी दुधाचे पैसे द्यायला जातं. ज्याला विधीला बसायचं आहे त्याच्याकडे व्यवस्थेचं एकही काम ठेवू नका. यात मामा आणि वधूचा भाऊसुद्धा आले, कारण मामाला वधूला मंडपात आणायचं असतं आणि भावाला लाजाहोमात लाह्या घालायच्या आणि कानपिळीला उभं राहायचं असतं.

दोन्ही घरांनी एकेक कारभारी नेमावा. चुलतभाऊ, आत्याचे यजमान, मोठी वहिनी, कुणीही चालेल, पण ज्याचा शब्द घरात मानला जातो असं माणूस हवं. त्याच्या हाताखाली जेवण, मुक्काम-गाड्या, विधीचं सामान, पाहुण्यांचं स्वागत आणि रोख पैसे अशी पाच कामं पाच जणांकडे द्यावीत. एका कामाला एकच नाव. ‘मंदा आणि संजू बघतील’ असं लिहिलं की मंदाला वाटतं संजू बघतोय.

तारीख आणि कार्यालय

चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, बहुतेक घरं लग्न करत नाहीत. तुळशीच्या लग्नापासून हंगाम उघडतो. पौष बरेच जण टाळतात, गुरू-शुक्राच्या अस्तात आणि अधिक मासात मुहूर्त नसतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यातली लग्नं त्याच्या अलीकडच्या तारखांवर दाटतात. गुरुजींकडून एकच तारीख घेऊन कार्यालय शोधत फिरू नका. तीन मुहूर्त घ्या, तिन्ही दिवसांची कार्यालयं आणि केटरर एकाच दिवशी विचारा, मग पक्कं करा. हंगामातली तारीख असेल तर आठ ते दहा महिने आधी.

कार्यालयाच्या पावतीवर भाड्याचा आकडा मोठा असतो, पण खिसा रिकामा होतो तो बारीक अटींमुळे. ताबा आदल्या दिवशी किती वाजता मिळतो, वीज मीटरप्रमाणे की ठोक, जनरेटरचं डिझेल कुणाचं, बाहेरचा केटरर चालतो का, ताटांची किमान संख्या किती, खोल्या किती आणि वरपक्षाला कोणत्या, अनामत कधी परत, हे लेखी घ्या. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा आणि खोल्यांतल्या सामानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हळदीला साउंड लावणार असाल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे तरुण मंडळींना आधीच सांगा.

लांबच लांब साखळ्या

काही कामं एकामागून एकच होतात, त्यात माणसं वाढवून वेळ वाचत नाही. त्यांची साखळी ओळखली की अर्धी चिंता मिटते. लग्नघरात ही साखळी बहुतेक वेळा ब्लाऊजची निघते. साडी खरेदी, फॉल-पिको, माप, शिवण, ट्रायल, दुरुस्ती. हंगामात शिवणाऱ्या ताईंकडे फक्त शिवणीलाच तीन-चार आठवडे जातात, आरीकाम असेल तर आणखी दोन-तीन. म्हणून वधूच्या साड्या तीन महिने आधी आणि शेवटची ट्रायल पंधरा दिवस आधी. हातमागावरची पैठणी विणून घ्यायची असेल तर तारीख ठरल्याच्याच आठवड्यात सांगावं.

दुसरी साखळी पत्रिकेची: नावांची यादी, मजकूर, प्रूफ, छपाई, कुलदैवताला पहिली पत्रिका, मग वाटप. अडकते ती नावांच्या क्रमावर. प्रूफ दोन्ही घरच्या एकेका वडीलधाऱ्याने वाचून त्यावर सही केल्याशिवाय छापायला देऊ नका. एखाद्या काकांचं नाव राहिलं की नवीन पत्रिका छापता येते, रुसवा मात्र वर्षानुवर्षं राहतो. वाटपाचा हिशोब असा: समक्ष अक्षता देऊन बोलवायची १२० घरं आहेत. प्रत्येक घरी चहा होतो, म्हणून दिवसाला आठ घरांच्या वर जमत नाही. म्हणजे १५ दिवस, आणि फक्त शनिवार-रविवार मिळत असतील तर साडेसात आठवडे. तीन जोड्या केल्या तर तेच अडीच आठवड्यांत होतं. छपाई मुहूर्ताच्या दोन महिने आधी हातात हवी.

पानांचा आकडा

लग्नातला प्रत्येक मोठा खर्च याच एका आकड्यावर उभा असतो, आणि तोच सगळ्यात ढिसाळपणे ठरतो. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं असतं, म्हणून पत्रिका मोजून उपयोग नाही. एका शीटमध्ये प्रत्येक घरापुढे माणसं लिहा, शेजारी गाव, मुक्काम हवा का आणि कोणत्या समारंभाला बोलावणं आहे ते. मग तीन गट करा. घरचे १२०, त्यांतले शंभरातले पंचाण्णव येतील असं धरा: ११४. गावातलेच स्नेही, शेजारी आणि ऑफिस मिळून २६०, त्यांचे सत्तर टक्के: १८२. बाहेरगावचे १८०, त्यांचे निम्मे: ९०. बेरीज ३८६. हे टक्के सुरुवातीचा अंदाज आहेत. घरात गेल्या दोन-तीन वर्षांत कार्य झालं असेल तर बोलावलेले किती आणि जेवलेले किती हे त्या यजमानांना विचारून बदला. लग्न रविवारी असेल तर आकडा वाढतो, मंगळवार-बुधवारी घटतो.

यात फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, फुलवाले, मेकअपवाल्या ताई धरलेल्या नाहीत. ही ३०-३५ पानं बहुतेक घरं विसरतात. एकूण झाली ४२१. केटररला हमीचा आकडा मात्र ३९० द्यावा आणि ४३० पर्यंत तयारी ठेवायची, वरच्या पानाचा दर तोच, असं लिहून घ्यावं. हमीपेक्षा कमी जेवले तरी हमीचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून हमी या ४२१ च्या खाली असावी. जेवणापूर्वी ताटं आपल्या माणसाने केटररच्या माणसाबरोबर मोजावीत आणि जेवण संपल्यावर उरलेली पुन्हा मोजावीत. संध्याकाळच्या बिलावरचा वाद तिथेच संपतो.

अक्षता पडल्या की सगळे एकदम उठतात, म्हणून वाढपाचा वेगही मोजा. बुफेत एका माणसामागे १५ सेकंद धरले तर एका रांगेतून मिनिटाला चार जण पुढे जातात, दोन्ही बाजूंनी वाढायच्या टेबलावरून आठ. ३८६ जणांना एकाच टेबलावर ४८ मिनिटं लागतील, दोन टेबलं असतील तर २४. पंगत बसवणार असाल आणि जागा १३० पानांची असेल तर तीन पंगती होतील. साफसफाईसह प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. पहिली १२:५० ला बसली तर तिसरी तीन वाजून पाच मिनिटांनी उठेल. विहिणींची पंगत त्यानंतर, म्हणून वरमायांना आणि कलवऱ्यांना अकराच्या सुमारास काहीतरी खायला द्या.

मुहूर्ताची सकाळ

विधींचा क्रम घराण्यागणिक बदलतो. म्हणून गुरुजींसमोर बसून त्यांच्याकडून प्रत्येक विधीची मिनिटं लिहून घ्यावीत आणि मग मागे यावं. १२:२१ ला शेवटचं ‘सावधान’. चालीवर गायलेलं एक मंगलाष्टक साधारण सव्वा मिनिट घेतं. आठ कडवी म्हटली तर दहा मिनिटं, म्हणजे १२:११ ला सुरुवात. कोणती आत्या आणि कोणती मावशी किती कडवी म्हणणार, हे आदल्या रात्री नावानिशी ठरवा. ऐनवेळी प्रत्येकीने एकेक वाढवलं की मुहूर्त टळतो, आणि कुणाला मध्ये थांबवणं बरं दिसत नाही.

अंतरपाट १२:०८ ला. मामा वधूला गौरीहरापासून १२:०० ला उठवतात. अक्षता वाटप ११:५०. वर मंडपाच्या दारात ११:२५. बँड लावून तीनशे मीटर यायला पाऊण तास सहज जातो, म्हणून वरात १०:३० ला निघालीच पाहिजे, तरच दहा मिनिटं हाताशी राहतात. वरातीसोबत वधूपक्षाचा एक माणूस द्या. त्याचं काम एवढंच की दर दहा मिनिटांनी कारभाऱ्याला कुठवर आलो ते कळवायचं. वधूचे केस, मेकअप आणि नऊवारी नेसणं मिळून तीन तास धरा. सकाळचे विधी साडेनऊला असतील तर साडेसहाला खुर्चीत बसायला हवं, आणि त्या आधी पोटात काहीतरी जायला हवं.

विधीच्या सामानाचं एक खोकं आणि मुहूर्ताची एक पिशवी वेगळी करा. पिशवीत अंतरपाट, मंगळसूत्र, मुंडावळ्या, अक्षता, दोन सुपाऱ्या, काडेपेटी, सुईदोरा, सेफ्टी पिना, कात्री. हार फुलवाल्याकडून नऊच्या आत तिच्याजवळच पोचवा. ही पिशवी एकाच व्यक्तीच्या खांद्यावर, दिवसभर, कुठेही खाली न ठेवता.

पैसे आणि ऐनवेळचे बदल

अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम कशाच्याही नावावर न टाकता बाजूला ठेवा. शीटमध्ये ठरलेले, दिलेले आणि बाकी असे तीन रकाने, आणि प्रत्येक आगाऊ रकमेची पावती. शेवटचा हप्ता काम झाल्यावरच. लग्नाच्या दिवशी द्यायचे पैसे नाव लिहिलेल्या पाकिटांत आदल्या रात्रीच भरून रोखवाल्याकडे द्यावेत, दक्षिणेची सुटी नाणी वेगळी.

मुहूर्ताच्या एकवीस दिवस आधी यादी बंद. त्यानंतर कुणी ‘लाइव्ह काउंटर ठेवूया’ म्हणालं तर दोन्ही कारभाऱ्यांनी एकत्र बसून त्याचे पैसे आणि त्यासाठी माणूस कुठून येणार ते ठरवावं, तरच हो म्हणावं. एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर वळवाच्या पावसासाठी उघड्या लॉनवर छप्पर, वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार, गुरुजी अडकले तर दुसरे कोण, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं नावासह लिहिलेली असावीत.

नोंदणीचा अर्ज आधीच भरून त्याच दिवशी गुरुजींची सही घ्या. नंतर ते दुसऱ्या गावी दुसऱ्या लग्नात असतात. तीन साक्षीदार निवडताना नोंदणीच्या दिवशी गावात असतील असेच निवडा. महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. पत्रिका आणि अंतरपाट दूर झाल्यानंतरचा हार घालतानाचा फोटो जपून ठेवा. जोडप्याला परदेशी जायचं असेल तर व्हिसासाठी नोंदणीचा दाखलाच लागतो, तेव्हा सत्यनारायणाची पूजा झाली की त्याच आठवड्यात कचेरीत जावं. विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर गणित वेगळं आहे: आधी ३० दिवसांची नोटीस, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न. ती तारीख कार्यालय ठरवण्याआधीच शीटमध्ये मांडा.